मुठीखालचं चुकलेलं भोक

टॉवेल उलगडला तेव्हा आत सुरी आहे हे ओळखू येत नव्हतं. वाळलेल्या गाळाचा एक लांबट गोळा, त्यातून बाहेर आलेलं लाकडाचं फुगलेलं टोक, आणि कुजक्या पाण्याचा वास. समोर उभी असलेली मुलगी पंचविशीची असेल. "काका, ही आजोबांनी स्वतः ठोकून केलेली आहे," ती म्हणाली. "फोटो गेले, वह्या गेल्या. त्यांच्या हातचं आता एवढंच उरलंय."

पूर ओसरल्यावर दोन आठवडे घरातला गाळ उपसणं चालू होतं. कपाटाचा खालचा खण उघडला तेव्हा ही सापडली. मी पहिला प्रश्न तोच विचारला जो नेहमी विचारतो: याला काही लावलंस का? "सगळे म्हणाले, व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेव. पण माझा धीर झाला नाही."

तिचा धीर झाला नाही म्हणूनच ही सुरी वाचली, असं मला मनापासून वाटतं. आम्ल गंज खातं तसं गंजाखालचं चांगलं पोलादही खातं. शिवाय पाणी दिलेल्या, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून कडक केलेल्या पोलादात आम्लामुळे हायड्रोजन शिरतो आणि पातं ठिसूळ होऊ शकतं. वरून चकचकीत दिसणारी सुरी मग एखाद्या दिवशी काम करता करता तडकते.

गाळ मी धुतला नाही, भिजवून मऊ केला आणि बांबूच्या काडीने काढला. पातं दोन प्रकारचं निघालं. टोकाकडचा भाग घट्ट गाळात रुतून बसला होता, तिथे हवा फारशी पोचलीच नव्हती. तो काळा पडला होता पण खाल्ला गेला नव्हता. मुठीजवळ मात्र ओलं, सुकं, पुन्हा ओलं असं होत राहिलेलं. तिथे गंजाचे पापुद्रे सुटत होते. पात्याला नखाने टिचकी मारून कानाशी धरलं. आवाज स्वच्छ, लांबत जाणारा आला. आरपार चीर असती तर तो बद्द आला असता. मग धारेजवळ कानशीचा कोपरा टेकवून हलकेच ओढला. कानस चावली नाही, काचेवरून सरकावी तशी घसरली. आजोबांनी दिलेलं पाणी अजून शाबूत होतं.

त्यामुळे एक गोष्ट ठरली, ग्राइंडरला हात लावायचा नाही. फिरत्या दगडावर पात्याची धार क्षणात तापते. २२० अंशांच्या आसपास पोलादावर फिकट पिवळा रंग चढतो, ३०० अंशांजवळ निळा. निळा दिसला की त्या जागचा कडकपणा उतरलेला असतो. ते नुकसान सँडपेपरने भरून येत नाही.

मूठ काढायची तो दिवस माझ्या कायम लक्षात राहील. लाकडाच्या दोन फाकी आणि त्यांना आरपार जखडणारे पितळेचे तीन रिवेट. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून आतून फुगून त्याने एका फाकीला उभी भेग पाडली होती. रिवेटची डोकी कानशीने सपाट करून मी ते मागून हळूहळू ठोकून काढले. डिंक पाण्याने आधीच सुटला होता, पातळ पट्टी सहज आत गेली. फाक उचलली आणि मी थांबलोच.

रिवेट तीन, भोकं चार.

मधल्या भोकाला जवळजवळ चिकटून, जेमतेम तीन मिलिमीटरवर, आणखी एक भोक होतं. माप चुकलं होतं. आजोबांनी ते तसंच ठेवून शेजारी दुसरं पाडलं आणि वरून लाकूड बसवलं. त्या रिकाम्या भोकात पाणी साचलं आणि सगळ्यात जास्त गंज तिथेच चढला. दोन भोकांमधली पोलादाची भिंत कागदाएवढी उरली होती.

माझ्या हातात वेल्डिंगची सोय आहे. भोक भरून, घासून, नवीन पाडलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. पण ती उष्णता पात्याकडे पळाली असती. आणि दुसरं कारण जास्त खरं आहे, मला ते पुसायचं नव्हतं. मी तिला फोन करून बोलावून घेतलं. ती वाकून बराच वेळ बघत राहिली, मग करंगळीचं नख त्या भोकाच्या काठावरून फिरवलं. "कोणाला बोलले नाहीत कधी," म्हणाली. थोड्या वेळाने, "राहू दे ना काका, जसं आहे तसं."

रिकामं ठेवणं शक्य नव्हतं, पाणी पुन्हा साचलं असतं. शेवटी पारदर्शक रेझिन भरायचं ठरलं, म्हणजे भिंतीलाही आधार.

पुढचं काम संयमाचं, सांगण्यासारखं थोडं. पातं धुण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्यात ठेवून ते पाणी रोज बदललं, क्षार निघेपर्यंत. गंज पितळेच्या पट्टीने खरवडला, कारण पितळ पोलादापेक्षा मऊ, ओरखडा पाडत नाही. पाठीकडचे खड्डे टॅनिक आम्लाने काळे करून तसेच ठेवले, हे आम्ल सौम्य असतं आणि गंजाचाच काळा, टिकाऊ थर करतं; ते घासून काढायचे तर पातं अर्धं झालं असतं. धारेवरचे खड्डे मात्र ठेवता येत नाहीत, तिथून धार तुटते. दीड मिलिमीटर मागे जावं लागलं, हाताने, दगडावर, सतत पाणी घालत. लाकडाच्या फाकी कागदात गुंडाळून सावलीत ठेवल्या आणि दर तीन दिवसांनी वजन केलं. वजन उतरायचं थांबलं तेव्हाच भेग चिकटवली. लाकडावर आजोबांच्या अंगठ्याने पाडलेला खोलगट भाग होता. त्यावर सँडपेपर फिरवला नाही.

घ्यायला आली तेव्हा तिने आधी मूठ धरली. पातं नंतर पाहिलं. अंगठा त्या खळग्यात बसेना, तिचा हात लहान आहे. तिने पकड दोनदा बदलली.

"रोज वापरली तर चालेल?"

"रोजच वापर," मी म्हटलं. "काम झालं की लगेच पुसायची, तेलाचा एक हात फिरवायचा. आणि चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नकोस, चामडं ओल धरून ठेवतं."