पालकाच्या वाफ्यातला अजगर

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून पावसाळ्यात अजगराचे फोन येतातच. मागे येऊरचं जंगल, पुढे बंगले. सर्पमित्राचं काम बहुतेक वेळा एवढंच असतं: गर्दी मागे हटवायची, आणि त्याला भिंतीपलीकडे जाऊ द्यायचं. या अजगराला मात्र जाताच येत नव्हतं.

बंगल्यातल्या काकूंनी पालकाच्या वाफ्यावर पक्ष्यांसाठी नायलॉनची जाळी सैल अंथरली होती. अजगराने नुकतीच घूस गिळलेली. डोकं आणि मान जाळीच्या एका घरातून पार झाली, फुगलेलं पोट अडकलं. सापाचे खवले शेपटीच्या दिशेने एकावर एक बसलेले असतात. पुढे सरकताना दोरा त्यांवरून घसरतो, मागे घेतलं की खवल्याखाली रुततो. म्हणून तो पुढेच जोर लावतो आणि फास आवळत जातो. इथे दोरा मांसापर्यंत गेला होता.

अशा वेळी जाळी ओढायची नाही. सहकाऱ्याने मानेमागून डोकं धरलं, वर ओला कपडा टाकला. मी बोथट आकड्याने एकेक दोरा कातडीपासून उचलायचा आणि बँडेजच्या कात्रीने कापायचा. पोटावर दाब येऊ द्यायचा नव्हता, कारण घाबरलेला अजगर गिळलेलं ओकतो. मागून कोणीतरी फ्लॅश मारत व्हिडिओ काढत होतं, सांगूनही थांबेना. शेवटी त्याने घूस ओकलीच. त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही.

वनरक्षक आले, पंचनामा झाला, अजगर पशुवैद्यांकडे गेला. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अजगर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे; परस्पर कुठेही सोडता येत नाही. तरी शेजारी म्हणतच होते, "दादा, लांब तुंगारेश्वरला सोडा." अनोळखी रानात त्याला ना बिळं माहीत, ना पाणी. आणि इथल्या घुशी मग कोण खाणार? त्यांच्यासाठी विष ठेवलं, तर विष खाल्लेली घूस गिळणारा सापही मरू शकतो.

जाळी गुंडाळताना कोपऱ्यातल्या दुमडीत वाळलेली धामण सापडली. ती कधी अडकली, कोणालाच कळलं नव्हतं. धामणीसाठी फोन आला नाही, कारण ती कोणाला दिसलीच नाही. मला अजगरापेक्षा तीच जास्त छळते आहे. रोपवाटिकेत ही जाळी सर्रास मिळते, आणि विकणारा एक शब्द बोलत नाही.

काकूंना सांगितलं, घरातून बोट आरपार जातं ती जाळी जमिनीवर टाकायची नाही. बारीक घरांची घ्या, चौकटीवर ताणून बसवा, पीक निघालं की काढा. कंपाउंडच्या भिंतीतलं पाण्याचं भोक बुजवू नका, त्याची वाट तीच आहे. पाचोळ्याचा ढीग पेटवण्याआधी काठीने हलवून बघा. कोंबड्या रात्री बारीक जाळीच्या खुराड्यात ठेवा.

"परत आला तर?" काकूंनी विचारलं.

"येईल. लांबून बघा, जाईल तो."

त्यांनी दुसऱ्याच दिवशी वाफ्यावर चौकट बसवली. शेजारच्या बंगल्यात वांग्यांवर तसलीच जाळी अजून जमिनीवर पडली आहे, आणि तिथले मालक माझा फोन उचलत नाहीत.