चाळकेवाडीच्या पठारावर निळ्या गळ्याचा सरडा

सरडा हा आपला रोजच्या बोलण्यातला शब्द. कुंपणावरच्या सरड्यासाठी आपण तो वापरतो आणि विसरून जातो. पण २०१६ साली गळ्याला पंखा असलेल्या काही सरड्यांची शास्त्रज्ञांनी वेगळी प्रजाती मानली, तेव्हा तिचं नाव याच मराठी शब्दावरून ठेवलं. त्यातल्या सगळ्यांत देखण्या जातीला ‘सुपर्बा’ म्हणतात, आणि तिची मूळ नोंद सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावरची आहे. हे वाचल्यापासून मला तिथे जायचंच होतं. दोन उन्हाळे हुकले, यंदा मात्र मेच्या दुसऱ्या आठवड्यात दादाला गाडी काढायला लावली.

सातारचा बोगदा ओलांडला तेव्हा नुकतं उजाडत होतं. सज्जनगड मागे पडला, मग ठोसेघर. धबधबा या दिवसांत कोरडा, त्यामुळे रस्त्यालाही माणूस नव्हतं. शेवटचा चढ संपला आणि एकदम सगळं सपाट झालं. हजार मीटरहून उंच, नजर पोचेल तिथवर जांभ्याचा काळपट-तांबूस कातळ, मधूनमधून वाळलेलं गवत, कडेला करवंदीच्या जाळ्या. आणि पवनचक्क्या, रांगाच्या रांगा. जवळ गेलं की पात्यांचा सूं सूं आवाज छातीत जाणवतो.

दादा पक्षी बघणारा माणूस. त्याला पहाटेची सवय. उतरल्या उतरल्या दुर्बीण लावून तो कातळ चाळायला लागला. एकही सरडा नाही. “हंगाम संपला की काय गं?” तो म्हणाला. मी त्याला बसायला सांगितलं. सरड्याचं अंग आपल्यासारखं आतून तापत नाही, त्याला ऊन लागतं. कातळ गार असेपर्यंत तो फटीतच राहणार. पक्ष्यांसाठी उन्हाच्या आधी उठायचं, सरड्यांसाठी उन्हाची वाट बघायची. आम्ही थर्मासमधला चहा काढला आणि बसून राहिलो.

साडेआठच्या सुमारास पहिला दिसला. माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर, फुटबॉलएवढ्या धोंड्याच्या माथ्यावर. आधी तर तो दगडाचाच भाग वाटला: मातकट अंग, पाठीवर गडद ठिपके, शेपटी सोडली तर बोटभर लांबीचा जीव. मग त्याने पुढचे पाय ताठ केले, मान वर काढली आणि गळा उघडला.

मी फोटो पुष्कळ पाहिले होते. तरीही श्वास अडकला. गळ्याखालची दुमडलेली कातडी छत्रीसारखी पुढे ताणली गेली. वरच्या बाजूला निळा, मोरपिसाच्या जवळ जाणारा. त्याला लागून काळा, शाईसारखा गच्च. आणि कडेला शेंदरी. त्याने मान किंचित वळवली तसा निळ्याचा उजेड बदलला, एकदा हिरव्याकडे झुकला, एकदा पार विझल्यासारखा झाला. दोन-तीन सेकंद. पंखा मिटला, पुन्हा तोच मातकट सरडा. थोड्या वेळाने पलीकडच्या दगडावरून दुसऱ्याने उत्तर दिलं, मग तिसऱ्याने. आवाज कसलाच नाही. एवढ्या मोठ्या पठारावर नुसते निळे ठिपके उघडत-मिटत होते.

हा सगळा खटाटोप नरांचा. पावसाआधीचे हे दोन-तीन महिने त्यांच्या विणीचे. दगड आपला म्हणून सांगायचं आणि मादीला दिसायचं, दोन्ही कामं त्या पंख्यावर. मादीला असा पंखा नसतो. ती आम्हाला दिसली ती केवळ हलली म्हणून, गवताच्या बुंध्यातून निघून नराच्या दगडाजवळून गेली. त्याने लागोपाठ चार वेळा गळा फुलवला. ती थांबली नाही.

एक बाबा शेरडं घेऊन आले. आम्ही कातळावर पालथे पडलेलो बघून जवळ आले.

“काय हरावलंय का, ताई?”

“नाही बाबा, सरडे बघतोय. निळ्या गळ्याचे.”

“त्यो व्हय! त्यो पाऊस लागायच्या आधीच दिसायचा. एकदा पाऊस लागला का मग न्हाई गावत.” त्यांनी काठी लांब धरून एक दगड दाखवला. “त्या तिकडं बगा, रोज असतो.” आणि जाता जाता म्हणाले, “दगडाखाली हात घालू नगा. फुरसं असतंय.”

ते अगदी खरं होतं. फुरसं म्हणजे आपल्याकडच्या चार मोठ्या विषारी सापांपैकी एक, नाग, मण्यार, घोणस यांच्या पंगतीतलं. वीतभर-दीड वीत लांबीचं, दगडाखाली दबून राहणारं आणि कातळाच्या रंगात मिसळून जाणारं. चवताळलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज करतं. शिवाय दगड उलटवू नये याचं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या दगडाखालची ओल आणि गारवा कितीतरी जिवांचा उन्हाळाभराचा आसरा असतो. आम्ही बघत असतानाच तिघंजण कॅमेरे घेऊन आले. फोटोला चांगली बैठक मिळावी म्हणून त्यांनी एका नराला हाकलत दुसऱ्या दगडावर नेलं आणि त्याचा दगड बाजूला सारला. मी जाऊन सांगितलं, की तो दगड त्याने मारामाऱ्या करून मिळवलेला आहे. एकाने मुकाट्याने दगड पूर्वीच्या जागी ठेवला. बाकीचे दोघं निघून गेले. नर त्या दगडावर परत आला का, ते बघायला मी दुपारपर्यंत थांबले. आला नाही.

दुपारी आम्ही थेट पवनचक्क्यांखाली गेलो, कारण एक गोष्ट मला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळायची होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी याच पठारावर काम केलं आणि २०१८ मध्ये ते छापून आलं. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी. खाणारा कमी झाला म्हणून तिथे सरडे जास्त, आणि निर्धास्तही. माणूस बराच जवळ येईपर्यंत पळत नाहीत. पण गर्दी वाढली की खाणं वाटलं जातं. तिथले सरडे अंगाने हडकलेले आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके.

फिकेपणा माझ्या डोळ्यांना ओळखता आला असं मी म्हणणार नाही. पण धीटपणा लगेच जाणवला. सकाळच्या, चक्क्यांपासून लांबच्या कातळावर आठ-दहा पावलं पुढे टाकली की सरडा फटीत गडप. इथे एक नर तीन पावलांवर येईपर्यंत बसून राहिला. डोळा गरकन फिरवून माझ्याकडे बघितलं आणि गळा फुलवला. डोक्यावरून पात्याची सावली सरकत होती, त्याला तिचं काहीच नव्हतं. इतक्या जवळून पंख्यावरचा एकेक खवला मोजता येत होता. आनंद झालाच, पण वर आभाळ रिकामं होतं हेही त्याच वेळी दिसत होतं. दादा अर्धा तास दुर्बीण लावून बसला, त्याला त्या रांगेवर एकही शिक्रा की कापशी घार दिसली नाही.

सरकारी कागदावर अशा कातळाला पडीक म्हणण्याची पद्धत आहे. झाड नाही, पीक नाही, म्हणजे काही नाही.

चारनंतर ढग भरून आले आणि वळीव कोसळला, अर्धा तास, टपोरा. सरडे कधी आत गेले कळलं नाही. गाडीत बसून काचेतून बघत राहिलो. पाऊस थांबला तेव्हा कातळाच्या खळग्यांत पाणी साचलं होतं आणि अंधारायच्या बेताला एका खळग्याच्या काठावर भेक येऊन बसला. खरबरीत पाठ, डोळ्यांमागे फुगीर ग्रंथी, गळा धपापतोय. ज्या दगडावर सकाळी निळा पंखा उघडला होता, त्याच्याच बुडाशी. टॉर्च खाली वळवून आम्ही दोघं उभे राहिलो. तो पाण्यात उतरला, डोळे तेवढे वर ठेवले आणि थोड्या वेळाने ओरडायला लागला. लांबून, पवनचक्क्यांच्या बाजूने, दुसऱ्याने साद दिली.