तुम्ही विचारलंत म्हणून: पोबेदाच का?

‘एवढा फुटबॉल बघता, मग रियल, बार्सा, लिव्हरपूल सोडून हे पोबेदा काय काढलंय?’ कोल्हापुरात राहून असल्या क्लबचं नाव घेतलं की हा प्रश्न ठरलेलाच. विचारणाऱ्याला वाटतं, काहीतरी नवीन खूळ असणार. उत्तर चहा संपेपर्यंत आटपणारं नाही, म्हणून मी एरवी ‘असंच’ म्हणून सुटका करून घेतो. आता खोदून विचारलंतच, तर ऐका.

पोबेदा हा प्रिलेप गावचा क्लब. प्रिलेप म्हणजे उत्तर मॅसेडोनिया. मदर तेरेसा ज्या स्कोप्येत जन्मल्या त्याच्या दक्षिणेला. २००२ च्या जनगणनेत गावची वस्ती ६६ हजारांच्या आसपास होती. डोक्यावर खडकाळ डोंगर, त्यावर राजा मार्कोच्या नावाने ओळखले जाणारे पडके बुरूज, खाणींतून निघणारा पांढराशुभ्र संगमरवर आणि भोवती तंबाखूच तंबाखू. हा तंबाखू आखूड पानाचा. घरची मंडळी बसून एकेक पान दोऱ्यात ओवतात आणि त्या माळा उन्हात वाळायला टांगतात. गावाचं पोट पिढ्यान् पिढ्या यावर.

क्लबचा जन्म १९४१ चा. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला प्रिलेपमध्ये बल्गेरियन ताब्याविरुद्ध उठाव झाला. त्या दिवशी देशाला आजही सुट्टी असते. उठावात आणि पुढच्या लढाईत पडलेल्यांचं स्मारक १९६१ मध्ये गावात उभं राहिलं. बोग्दान बोग्दानोविच या वास्तुकाराने केलेले संगमरवराचे कलश, एक उंच आणि बाकीचे त्याच्याभोवती.

युगोस्लाव्हियाच्या काळात मात्र पोबेदाला कुणी फारसं विचारत नव्हतं. मॅसेडोनियातून वरच्या लीगमध्ये नाव गाजायचं ते मुख्यतः स्कोप्येच्या वार्दार क्लबचं. पोबेदा खालच्या लीगमध्ये. देश फुटला, १९९२-९३ पासून मॅसेडोनियाची स्वतःची लीग सुरू झाली आणि वीस लाखांच्या देशात गावोगावच्या क्लबांना एकदम वरचं दार उघडलं. क्रातोवो हे दहा हजारांच्या आतलं गाव. तिथल्या सिलेक्सने १९९६ ते १९९८ सलग तीन वेळा लीग मारली. मग प्रिलेपकरांनी का मागे राहावं? पोबेदाने २००२ मध्ये कप जिंकला आणि २००४ मध्ये पहिल्यांदा लीग. पोबेदाच्या पाठीराख्यांचं टोळकं १९८८ पासूनचं, नाव ‘मायमुनी’, म्हणजे माकडं. शेजारच्या बितोला गावच्या पेलिस्टर क्लबशी त्यांचं हाडवैर. पेलिस्टरच्या पाठीराख्यांचं नावही एका वजडीच्या पदार्थावरून पडलंय, त्यामुळे कोण कुणाला हसणार!

तर २००४. पहिलंच विजेतेपद, म्हणून थेट चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लब-स्पर्धेची, पात्रता फेरी. समोर आर्मेनियाचा क्लब प्युनिक. घरच्या सामन्यात पोबेदा १-३ ने हरला, प्युनिकच्या गावी येरेवानमध्ये १-१. लहान देशाचा क्लब पहिल्या फेरीत गारद होणं ही काही बातमी नव्हे, त्यामुळे विषय तिथेच मिटला असं सगळ्यांना वाटलं. २००७ मध्ये पोबेदाने पुन्हा लीग जिंकली.

एप्रिल २००९ मध्ये युएफाचा, म्हणजे युरोपातल्या फुटबॉलच्या संघटनेचा, निर्णय आला. प्युनिकविरुद्धची ती लढत पोबेदाने विकली होती. क्लबला युरोपातल्या स्पर्धांतून आठ वर्षं बाद, अध्यक्ष अलेक्सांदार झाब्रचानेत्स आणि खेळाडू निकोल्चे झ्द्रावेस्की या दोघांना आजन्म बंदी. तिघेही स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाकडे गेले. पुढ्यात होतं सट्टेबाजारातल्या संशयास्पद उलाढालीचं विश्लेषण आणि काही साक्षीदार. जिवाला धोका आहे म्हणून या साक्षीदारांची नावं समोरच्या बाजूला सांगितली नव्हती. नाव माहीत नसलेल्या माणसाची उलटतपासणी घ्यायची कशी, हा पेच खराच. पण लवादाने त्या साक्षी धरल्या. एप्रिल २०१० मध्ये निकाल लागला: क्लब आणि अध्यक्ष यांची शिक्षा कायम, झ्द्रावेस्कीविरुद्धचा पुरावा पुरेसा नाही म्हणून तो सुटला. खेळातल्या फिक्सिंगच्या खटल्यांत या निकालाचा दाखला आजही दिला जातो. प्रिलेपचं नाव वकिलांच्या टेबलावर पोहोचलं ते असं.

अध्यक्षाच्या शिक्षेबद्दल माझी काही तक्रार नाही. क्लबच्या शिक्षेपाशी मात्र मी बरीच वर्षं अडलो होतो. तिकीट काढून सामन्याला आलेल्या तंबाखूवाल्याचा काय गुन्हा? ज्या पोराने २००९ मध्ये पहिल्यांदा पोबेदाचा शर्ट घातला, त्याने कुठला सामना विकला? आमच्याकडे पाटाकडील काय, शिवाजी तरुण मंडळ काय, तालमीचा संघ पेठेचा असतो. कारभारी बदलतात, मैदानावर कधी कधी नको ते प्रकार होतात, शाहू स्टेडियमवर पोलिस बोलवावे लागतात; तरी उद्या कुणी संघ ‘बंद करतो’ म्हणाला तर पेठ त्याला विचारेल, तू कोण बंद करणार? प्रिलेपमध्ये तसं म्हणायची सोय नव्हती. क्लब ज्याच्या हातात, सही त्याचीच.

आणि दुसरी बाजूही आहेच. क्लबला सोडून फक्त अध्यक्षाला धरलं असतं, तर पुढच्या वेळी एक अध्यक्ष बळी द्यायचा आणि क्लबने पैसे घेऊन मोकळं व्हायचं, असा पायंडा पडला असता. अध्यक्ष क्लबच्या वतीने सही करतो, बक्षीस घेतो, तर क्लबच्या वतीने पापही करतो, असंच धरावं लागतं. मला हे आवडत नाही, पण खोडून काढता येत नाही.

निकालानंतर जुना क्लब टिकला नाही. २०१० मध्येच गावात नव्याने क्लब उभा राहिला आणि खालून सुरुवात करावी लागली. माझं खरं लक्ष आहे ते या काळावर. विजेतेपदं मागे राहिली, युरोपची वाट बंद, अध्यक्ष गेला; उरलं ते गावातलं गोत्से देल्चेव स्टेडियम आणि त्यात येऊन ओरडणारी माकडं. रियलचा चाहता व्हायला काय लागतं? मोबाइल लागतो. खालच्या लीगच्या सामन्याला, चारच लोक टाळ्या वाजवत असताना, बाकावर जाऊन बसायला वेगळा माणूस लागतो. असली माणसं मला कुठल्याही चषकापेक्षा बघायला आवडतात. २०१६-१७ च्या हंगामात पोबेदा हे नाव पुन्हा पहिल्या लीगच्या तक्त्यात दिसलं. तीनच हंगाम टिकलं, पुन्हा घसरण.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे: नवा क्लब, नवी नोंदणी, मग २००४ आणि २००७ ची विजेतेपदं याच्या खात्यावर मोजायची का? मी मोजतो. तोच गाव, तेच मैदान, तीच माणसं. मात्र ती मोजली की प्युनिकचा सामनाही त्याच खात्यावर मांडावा लागतो. तिथे सवलत मागू नये.