हजाराला बाहेर

शर्यतीत पुढे पळून इतरांना वेग लावून देणारा, म्हणजे पेसमेकर, आहे म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे मुद्दाम हरायचं?" अर्ध्यात सोडायचं, एवढंच, तेही ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळेला. ८०० मीटरमध्ये माझी सर्वोत्तम वेळ १:४६.९. पॅरिस ऑलिम्पिकची पात्रता १:४४.७० होती. मधले दोन सेकंद कित्येक वर्षं शोधले, सापडले नाहीत. मग दुसऱ्यांसाठी वारा अडवायला लागलो.

त्या संध्याकाळी १५०० होती. एका पोराला पॅरिसची पात्रता हवी होती, ३:३३.५०. म्हणजे दर लॅप ५६.९. माझा करार १००० मीटरचा, २:२२ मध्ये. आतल्या कडेला वेग दाखवणारे दिवे नव्हते. मला ते नकोच असतात. दिव्यांना मागच्याचा श्वास ऐकू येत नाही.

जोरात पळणं सोपं, सारखं पळणं अवघड. बंदूक वाजली की पहिल्या शंभरात सगळेच उधळतात. तिथे मी उधळलो तर मागचे नंतर मरतात, नाहीतर माझ्यामागे येतच नाहीत. १९८१ साली ऑस्लोत पेसमेकर टॉम बायर्सच्या मागे कोणी गेलं नाही. तो पळतच राहिला आणि त्या वेळच्या अव्वल धावपटूला, स्टीव्ह ओव्हेटला, हरवून शर्यत जिंकला. म्हणून मी कान मागे ठेवून पळतो. स्पाइक्सची टकटक दीड-दोन मीटरवर हवी. लांब गेली की किंचित सैल सोडायचं, मान न वळवता.

३०० ला ४२.४, ७०० ला १:३९.२. सुरेख चाललं होतं.

१५०० ची सुरुवात पलीकडच्या सरळ पट्ट्यावरून होते, त्यामुळे १००० ची खूण येते वळण संपतं तिथे, शेवटच्या लॅपच्या घंटेच्या बरोबर शंभर मीटर आधी. नेमका तिथून घंटेपर्यंतच्या सरळ पट्ट्यावर समोरून वारा होता. आधी दोनदा तो मी छातीवर घेतला. तिसऱ्यांदा, २:२१.९ ला, उजवीकडे सरकत तिसऱ्या लेनमध्ये गेलो. "दमला!" कुणीतरी ओरडलं. प्रेक्षकांना पेसमेकर नेहमी दमलेलाच दिसतो.

दमलो नव्हतो. शंभर मीटर आरामात शिल्लक होते.

पोरगा एकटा वाऱ्यात शिरला. खांदे कानाकडे गेले, हनुवटी वर आली. घंटेला २:३७.०. शेवटचा लॅप ५६.९, हवा होता तसाच. शेवटी ३:३३.९. कमी पडलेले चार दशांश सगळेच्या सगळे त्या शंभर मीटरमध्ये गेले होते.

आयोजकांचा माणूस पाठ थोपटून म्हणाला, "एकदम परफेक्ट." बोनसही मिळाला. करारात १००० का, तर आकडा गोल आहे म्हणून. वारा कुठून येतो ते करार लिहिणारा कशाला बघेल!

पुढे पळायला नियमाची आडकाठी नव्हती. १९५४ साली रॉजर बॅनिस्टर चार मिनिटांच्या आत मैल पळाला, त्या शर्यतीत त्याचा पेसमेकर चॅटअवे घंटेनंतरही पुढे होता, आणि शेवटी दुसरा आला. दोन दिवसांनी दुसरं काम होतं, पाय राखले, असं मी सांगू शकतो. पण तेव्हा असलं काही डोक्यात नव्हतं. खूण दिसली, बाहेर पडलो.

नंतर सैल पळताना तो शेजारी आला. अर्धा लॅप गप्पच.

"दादा, अजून होतं का तुमच्यात?"

"होतं," म्हणालो.

त्याने मान हलवली. आणखी दोन लॅप आम्ही बरोबरच पळालो. तो आतून, मी बाहेरून.