बाणातला ण

दहावीच्या बोर्डाच्या पहिल्या पेपरच्या सकाळी केंद्रसंचालकाला खरी धास्ती असते ती पाकिटांची. ती वेळेवर येतील का, सील शाबूत असेल का, मोजणी जुळेल का. मार्च २०२३ मध्ये त्यात बरीच भर पडली होती. कॉपीमुक्त अभियान जोरात, केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं बंद, गेटवर पोलीस. पेपर आधी दहा मिनिटं हातात देण्याची पद्धत मंडळानं त्याच वर्षी बंद केली आणि ती दहा मिनिटं शेवटी जोडली. म्हणजे मराठीचा पेपर ११ ते २.१०. त्या वर्षी राज्यभरातून पंधरा लाखांवर मुलं दहावीला होती; त्यातली मराठी प्रथम भाषा असलेली सगळी मुलं त्या दिवशी एकाच वेळी एकच कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिका, उघडणार होती. आमचं केंद्र त्यातलं सातारा जिल्ह्यातलं एक साधं खेड्यातलं केंद्र.

नऊच्या सुमाराला एक बाप मुलाला घेऊन ऑफिसच्या दारात उभा राहिला. मुलाचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. आदल्या संध्याकाळी म्हशीला पाण्यावर नेताना दावं मनगटाला गुंडाळलं होतं, म्हैस बुजली आणि तिनं त्याला फरफटत नेलं. रात्री ग्रामीण रुग्णालयात प्लास्टर घातलं. बापाच्या हातात डॉक्टरांचा दाखला, घामानं ओला झालेला. "सर, पुढच्या वर्षी बसवू का?" एवढंच त्यानं विचारलं.

लोकांना वाटतं बोर्ड म्हणजे फक्त निकाल लावणारं ऑफिस. १९६६ पासून चालत आलेल्या या यंत्रणेचं खरं रूप परीक्षेच्या दिवशी फोनवर कळतं. मी कोल्हापूरला विभागीय मंडळात फोन लावला. पलीकडच्या बाईंनी एकही वाक्य वाया घालवलं नाही. विद्यार्थ्याचा अर्ज, डॉक्टरांचा दाखला, लेखनिक, म्हणजे त्याच्यासाठी लिहिणारा, खालच्या इयत्तेतला, त्याचं शाळेचं ओळखपत्र आणि पालकांची संमती, सगळं मेल करा. स्वतंत्र खोली द्या, तासाला वीस मिनिटं जादा द्या. आणि शेवटी, "लेखनिकानं विद्यार्थी सांगेल तसंच लिहायचं, बरं का सर." हे शेवटचं वाक्य पुढे दिवसभर माझ्या मानगुटीवर बसलं.

नववीची एक मुलगी मिळाली. अक्षर मोत्यासारखं, आणि घर शाळेच्या मागच्याच आळीत. तिची आई भाकरीच्या पिठाच्या हातानंच संमतीपत्रावर सही करायला आली. प्रयोगशाळेत एक टेबल मोकळं केलं. पर्यवेक्षक म्हणून गणिताच्या सरांना दिलं, कारण मराठीच्या पेपरला मराठीचा शिक्षक वर्गावर ठेवत नाहीत. सर कडक. तीस वर्षांत कुणाला अर्धा गुण उगीच दिलेला नाही, अशी त्यांची ख्याती.

साडेअकराला शिपाई सांगत आला, प्रयोगशाळेत बोलावलंय.

सरांची तक्रार थोडक्यात अशी. मुलगा बोलतो तसं सांगतो: "नदीचं पानी आटलं". मुलगी लिहिते, 'पाणी'. "हा ण कुणाचा?" सरांनी विचारलं. "त्याचा असेल तर त्यानं म्हणायला हवा. तिचा असेल तर ती मदत झाली. मंडळानं काय सांगितलंय? सांगेल तसं."

आता यावर हसू येईल, पण प्रश्न पोकळ नव्हता. याच कृतिपत्रिकेत भाषाभ्यासाच्या विभागात लेखननियमांनुसार लिहायचा प्रश्न असतो. तिथं तर शुद्धलेखनालाच गुण आहेत. त्या प्रश्नात मुलानं नुसतं वाक्य वाचून दाखवलं आणि मुलीनं ते बरोबर लिहिलं, तर ते गुण सरळ मुलीचे. त्यात ही बॅच अशी की कोरोनामुळे आठवीचं जवळजवळ पूर्ण वर्ष मोबाइलवर गेलेलं. लिहायची सवयच मोडलेली. वर्गातल्या निम्म्या वह्यांत 'आणि' हा शब्द 'आनि' असा भेटायचा.

माझं मत तेव्हाही वेगळं होतं आणि आजही आहे. हात धड असलेली आमच्याकडची निम्मी मुलं तोंडानं 'पानी'च म्हणतात आणि कागदावर 'पाणी' लिहितात. तोंडाची भाषा जशीच्या तशी उतरवून घेतली, तर हात मोडल्याची शिक्षा त्याला दुसऱ्यांदा होईल. मी म्हटलं, शुद्धलेखनाच्या प्रश्नात त्यानं अक्षर न अक्षर सांगावं, बाकी उत्तरांत मुलीनं नेहमीसारखं लिहावं. सरांनी मान हलवली. नकाराची.

आमचं हे दाराशी हलक्या आवाजात चाललं होतं. तेवढ्यात मुलगाच म्हणाला, "सर, मी सांगतो ना सगळीकडं. टाइम जातोय." आणि मुलीकडे वळून, "पाणी. बाणातला ण, दुसरी वेलांटी."

मग सुरूच झालं. नळातला न, बाणातला ण, शहामृगातला श, षटकोनातला ष, पहिला उकार, दुसरा उकार. पहिलीत पाटीवर शिकलेलं सगळं त्यानं बाहेर काढलं. मी दोन पावलं मागे सरून ऐकत राहिलो. काही ठिकाणी तो चुकतही होता. एका उत्तरात त्यानं 'शहाणा' सांगितला आणि ठामपणे म्हणाला, "नळातला न." मुलीचं पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. कुणीच काही बोललं नाही. बोलता येतच नव्हतं. तिनं ओठ दाबून 'शहाना' लिहिलं. चूक आहे हे माहीत असून ती लिहायला लागणं त्या वयात किती जड जातं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

याच वेळी भरारी पथक आलं. पथकाच्या मॅडम व्हरांड्यातून येत होत्या, आणि परीक्षा चालू असताना एका खोलीतून मोठ्यानं "पहिली वेलांटी, पहिली!" असं ऐकू आल्यावर कुणाचाही संशय बळावणारच. त्या तडक आत शिरल्या. "सांगतंय कोण आणि लिहितंय कोण?"

कागद दाखवले: विभागीय मंडळाच्या मेलचं उत्तर, दाखला, मुलीचं ओळखपत्र. त्यांनी ओळखपत्रावरचा फोटो मुलीच्या तोंडाशी ताडून पाहिला, दाखल्यावरची तारीख वाचली, प्लास्टरवर बोटानं टकटक करून पाहिलं. मुलगा कळवळला. मॅडम ओशाळून "सॉरी हं बाळा" म्हणाल्या. मग एक स्टूल ओढून बसल्या. त्यांच्यापुढेच मुलानं निबंध सांगायला घेतला. पूर्णविराम, स्वल्पविराम, नवीन परिच्छेद, सगळं तोंडी. एका ठिकाणी तो अडला. 'विहीर' म्हणाला आणि बराच वेळ वर पंख्याकडे बघत बसला. मॅडमचे ओठ हलल्यासारखे मला वाटले, पण त्या काही बोलल्या नाहीत. शेवटी त्यानं बरोबर सांगितलं: वि पहिली, ही दुसरी.

निघताना सरांनी त्यांच्यापुढेही तोच प्रश्न ठेवला. मॅडमनी सरळ झटकला. "तुम्ही दोघं बघा. मला कॉपी सापडली नाही, एवढं मी लिहिते."

बाकीच्या खोल्या २.१० ला सुटल्या. गठ्ठे बांधले, हजेरीपट मिळवला, पण एक उत्तरपत्रिका यायची होती. या मुलाची वेळ ३.१० पर्यंत. उत्तरपत्रिका घेऊन जायला आलेला माणूस घड्याळ बघत गाडीपाशी येरझाऱ्या घालत होता. परिरक्षक केंद्रावरून, म्हणजे गठ्ठे जिथं जमा करायचे तिथून, त्याला फोनवर फोन. त्याला आत बोलावून चहा दिला. त्या तासातलं एक मिनिटही मुलानं सोडलं नाही. सगळा जादा वेळ वेलांट्यांत गेला होता, निबंध शेवटच्या मिनिटाला संपला. मुलीनं बोटं झाडली आणि पुरवणी बांधायला दोरा मागितला.

दैनिक अहवालात विशेष घटनांचा रकाना असतो. त्यात ऐनवेळचा अपघात, लेखनिक दिला, विभागीय मंडळाची परवानगी, एवढंच लिहिलं. 'ण'साठी त्यात जागा नव्हती. सरांना मात्र ती नोंद हवी होती. त्यांनी स्वतःच्या डायरीत केली असेल.

इंग्रजीच्या पेपरला तीच मुलगी आली आणि सरांनी तीच खोली मागून घेतली. या वेळी वाद झालाच नाही. मुलानं बसल्या बसल्या जाहीर करून टाकलं, स्पेलिंग मीच सांगणार. जेवढी स्पेलिंगं येत होती तेवढीच वाक्यं त्यानं सांगितली. पेपर दीडलाच संपला.