तक्रारीच्या नोंदवहीतले शब्द

बुधवार, आठवा आठवडा

नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या या संस्थेत इंटर्न म्हणून रुजू झाले तेव्हा वकिलांच्या मागे बसून न्यायालयातले युक्तिवाद ऐकायला मिळतील, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात वाट्याला आला तो फोन आणि तक्रारींची नोंदवही. सुरुवातीला ते काम नेमून दिले म्हणून करत होते. आज मात्र पुढच्या महिन्यासाठीही मी तेच मागून घेतले.

तिसऱ्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला होता. फोनवर ‘रिकामे आहे, बघायला या’ असे सांगितलेले भाड्याचे घर त्या दारात उभ्या राहताच ‘कालच दिले’ झाले होते. त्या अर्धा तास बोलल्या आणि मी एकच ओळ लिहिली : ‘घर नाकारले, भेदभावाची तक्रार.’ वरिष्ठ वकील मॅडमनी ती वाचून मला समोर बसवले. “भेदभाव हा तू काढलेला निष्कर्ष झाला. त्या काय म्हणाल्या, ते कुठे आहे?” फोन कोणत्या दिवशी केला, दार उघडणारी व्यक्ती नेमके काय बोलली, सोबत कोण होते, जाहिरात अजून चालू आहे का, यातले मी काहीच विचारले नव्हते. पुन्हा फोन लावून क्षमा मागितली. जाहिरात तशीच होती. तिची तारखेसह प्रत फाइलला लागली. पण तोच अपमान दुसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज कापत होता, आणि तो त्रास माझ्या हलगर्जीपणामुळे त्यांना सोसावा लागला, हे मला अजून लागून राहिले आहे.

तारखेवर तर सगळा दावा उभा असतो. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली नोकरीतल्या भेदभावाची तक्रार साधारणपणे १८० दिवसांत, काही राज्यांत ३०० दिवसांत, समान रोजगार संधी आयोगाकडे नोंदवावी लागते. मुदत टळली की खरी तक्रारही बहुधा तिथेच संपते.

त्याच देशातल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध पुकारलेल्या बस बहिष्काराविषयी सध्या वाचते आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिल्याबद्दल रोझा पार्क्स यांना अटक झाली, त्या रात्री प्राध्यापिका जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी एक सहकारी आणि दोन विद्यार्थी यांच्या मदतीने महाविद्यालयात बहिष्काराचे आवाहन करणारी हजारो पत्रके सायक्लोस्टाईल केली. बहिष्कार ३८१ दिवस चालला. रात्रभर कागद सरकवणाऱ्या त्या दोन विद्यार्थ्यांची मला या टेबलाशी बसल्यावर वारंवार आठवण होते.

हल्ली दुपारी मॅडमच्या परवानगीने निकाल लागलेल्या फाइली उलट्या क्रमाने वाचते : आधी निकाल, मग शपथपत्रे, शेवटी पहिल्या फोनची नोंद. व्याख्यानांतून जे उमगले नव्हते, ते असे वाचताना उमगते. एका प्रकरणात निर्णायक ठरलेल्या साक्षीदाराचा उल्लेख फक्त त्या पहिल्या नोंदीत, समासात होता.

आज एका वृद्ध गृहस्थांची तक्रार लिहून घेतली आणि शेवटी त्यांना वाचून दाखवली. ते थोडे थांबले आणि म्हणाले, “‘हाकलले’ नका लिहू. त्यांनी मला रांगेतून ‘उठवले’.” मी तो शब्द खोडून त्यांचा लिहिला, आणि शेजारी वेळ टाकली.