ह्याच्यात संबळ हाय का?

कार्यक्रम संपून वायरी गुंडाळायला घेतल्या की कुणीतरी जवळ येतंच. "मास्तर, मोबाईलात हजार आवाज मिळायलेत, तुमी हे धूड कामून वागवता? ह्याच्यात संबळ तरी हाय का?" परभणीला विचारलं, अंबाजोगाईला विचारलं, तुळजापूरच्या वाटेवर चहाच्या टपरीवरही विचारलं. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीटच सांगतो.

हे धूड म्हणजे रोलंड कंपनीचा जुनो-१०६ सिंथेसायझर, विजेवर सूर तयार करणारं वाद्य, १९८४ साली बाजारात आलेला. ६१ पट्ट्या, एका वेळी सहा सूर. माझा नग जपानातला, १०० व्होल्टवर चालणारा, म्हणून सोबत ट्रान्सफॉर्मरचंही ओझं. आणि नाही, ह्यात संबळ नाही. बासरी नाही, तबल्याचा ठेका तर मुळीच नाही. कुठल्याच वाद्याचा आवाज ह्यात भरून ठेवलेला नाही.

मग आहे काय? मी मूळचा पेटीवाला, त्यामुळे मला हे पेटीच्याच भाषेत कळलं. पेटीत नर असतो, म्हणजे मुख्य सुराची रीड, आणि खाली खर्ज. ह्यातही एक मुख्य सूर आहे, करवतीच्या दात्यांसारख्या किंवा चौकोनी लहरीचा; आणि 'सब' नावाचा स्लायडर वर सारला की बरोबर एक सप्तक खालचा सूर त्यात मिसळतो. खर्जच तो. सुराची चाल डिजिटल घड्याळाला बांधलेली असल्यानं मे महिन्यातल्या मांडवातही तो ढळत नाही. आधीच्या कित्येक सिंथेसायझरांना गरम झालं की सूर सरकायची खोड होती. पण इतका सरळ सूर कानाला कोरडा लागतो, त्यासाठी कोरसचं बटण. आवाजाची एक प्रत किंचित उशिरा सोडायची आणि तो उशीर सतत कमी-जास्त करत राहायचा. जुन्या पेटीत दोन रीड केसभर वेगळ्या लागल्या की जी लहर उठते ना, तशीच. बटण दाबलं की मागे बारीक 'सूंऽऽ' येतं. मला ते आवडतं, साउंडवाल्याला नाही.

नव्या कीबोर्डवर शिकलेली पोरं तक्रार करतात, पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच! अहो, पेटीचं तरी दुसरं काय आहे? जोर भात्यात असतो. इथे माझा डावा हात फिल्टरच्या स्लायडरवर असतो. खाली ओढला की आवाज गोधडीत शिरतो, वर सारला की तोंड उघडतो. भाता आवाज लहान-मोठा करतो, हा मंद-उजळ करतो, एवढाच फरक. डाव्या हाताला काम मिळालं, मी खूश.

आता संबळ. एका रात्री घरी बसून सगळे सूर बंद केले. करवत बंद, चौकोन बंद, खर्ज शून्यावर. मग रेझोनन्स, म्हणजे फिल्टर जिथे आवाज कापतो तिथलाच सूर फुगवणारा स्लायडर, पूर्ण चढवला. आत सूरच नसताना फिल्टर स्वतः शीळ घालायला लागतो! त्या शिळेला एन्व्हलप, म्हणजे पट्टी दाबल्यावर आवाज कसा चढेल-उतरेल हे ठरवणारी सोय, जोडलं, उंचावरून सुरू हो आणि झटकन खाली ये, अशा बेतानं. पट्टी दाबली आणि 'ढुम्म'. संबळाच्या मोठ्या तोंडाचा घुमारा असतो ना, त्याच्या बराच जवळ. मी उठून बायकोला हाक मारली आणि लाईट गेली.

ह्यात आवाज साठवायच्या जागा १२८ आहेत, पण साठवला तर राहतो. मी साठवला नव्हता. तो पुन्हा सापडायला दोन रात्री गेल्या. तेव्हापासून सगळ्या आवाजांची मांडणी कॅसेटवरही चिरचिर आवाजाच्या रूपात उतरवून ठेवतो, तशी सोय ह्या यंत्रातच आहे. ती कॅसेट दादांनी भजनाची समजून टेपात घातली. "आरं, टेपात उंदीर शिरला का काय?"

पुढे ओळखीच्या एका म्हाताऱ्या गोंधळ्याला तो 'ढुम्म' ऐकवला. तीनदा वाजवायला लावला त्यांनी. म्हणाले, "कातडं हाय, पर काडी न्हाई." खरंच होतं. घुमारा आला होता, काडीचा टणका नव्हता. नॉइज, म्हणजे ह्यातली नुसती खरखर, थोडा मिसळून पाहिला, पण मग कुणी चिवडा चावल्यासारखं वाजायला लागलं. काढून टाकला.

ए-३४ नावाच्या जागेवर तो आवाज अजून आहे. संबळ म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून वहीत त्याच्यापुढे नुसतं 'ढुम' लिहिलंय.